जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा बूस्ट किती वाढवावा? टर्बोचं गणित, सोप्या भाषेत

२००४ मध्ये स्कोडाने भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली, तेव्हा पेट्रोल गाडीला टर्बो ही इथे अपूर्वाईची गोष्ट होती. त्या काळी भारतातल्या ऑक्टाव्हिया आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातून बाहेर पडत. या गाडीचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन भारतात १५० पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) आणि २१० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत होतं. युरोपात त्याच घराण्यातलं इंजिन १८० पीएसचं होतं. तेव्हापासून हौशी मंडळींचा एक हिशेब ठरलेला आहे: तिकडे ३० पीएस जास्त निघतात, मग इथे बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब, थोडा वाढवला की झालं.

आता पंपापंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई२०, आल्यावर या हिशेबात नवा गोंधळ शिरला आहे. कुणी म्हणतं, इथेनॉलचा ऑक्टेन (आपोआप न भडकता दाब सोसण्याची इंधनाची ताकद) जास्त, म्हणजे बूस्ट आणखी वाढवता येईल. कुणी म्हणतं, गाडी जुनी, म्हणजे कमीच ठेवा. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. ‘इतक्या बारपर्यंत सुरक्षित’ असा एकच आकडा कुठल्याही गाडीला लावता येत नाही. नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं), हवा-पेट्रोलचं प्रमाण आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान या तीन गोष्टी आटोक्यात असतील तोवर बूस्ट सुरक्षित असतो. डॅशबोर्डवरचं बूस्ट मीटर या तिन्हींपैकी एकही दाखवत नाही.

बूस्ट म्हणजे काय, आणि तो कुठून मोजायचा

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार, म्हणजे जवळजवळ १ बार असतो. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. वातावरणाच्या वर जो जादा दाब तयार होतो, तो बूस्ट. मीटरवर ०.५ बार दिसतो तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी एकूण दाब १.५ बार असतो. बरेच परदेशी मीटर पीएसआयमध्ये, म्हणजे पाउंड प्रति चौरस इंचात असतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

बूस्ट ०.५ वरून ०.८ केला की तो ६० टक्क्यांनी वाढला असं वाटतं. पण एकूण दाब १.५ वरून १.८ झाला, म्हणजे वाढ २० टक्के. १५० पीएसवर २० टक्के म्हणजे १८०, तेही हवा तापली नाही असं धरून. प्रत्यक्षात ती तापतेच, त्यामुळे हाती त्याहून कमी लागतं.

इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, तो मात्र एकूण दाबात हिशेब करतो, आणि इथे सह्याद्री मध्ये येतो. ईसीयूने १९०० मिलिबार मागितले तर मुंबईत टर्बोला १०१३ वरून १९०० करायचे असतात, म्हणजे १.९ पटीच्या आत. पुण्यात बाहेरचा दाब साधारण ९५०, म्हणजे बरोबर दुप्पट. महाबळेश्वरला तो ८६० च्या आसपास, म्हणजे २.२ पट. मागणी तीच, पण घाटमाथ्यावर टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि तो हवा जास्त तापवतो. मुंबईत नीट बसवलेलं सेटिंग महाबळेश्वरला जड जातं ते यामुळे.

बूस्टचा लगाम कुणाच्या हातात असतो

टर्बोचं चाक सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरतं. ते किती फिरावं हे वेस्टगेट ठरवतं. वेस्टगेट म्हणजे चाकाच्या अलीकडे असलेली एक छोटी झडप. शेतात दारं धरणारा माणूस पाटाला बाजूने वाट करून देतो आणि पुढच्या सरीचं पाणी कमी होतं, तसं ही झडप उघडली की धूर चाकाला टाळून निघून जातो आणि चाकाचा जोर ओसरतो.

झडप उघडण्याचं काम करतो ॲक्चुएटर, म्हणजे स्प्रिंग आणि पडदा बसवलेली पत्र्याची डबी. टर्बोने दाबलेली हवा एका रबरी नळीतून या डबीत येते, स्प्रिंगवर मात करते आणि दांडा ढकलून झडप उघडते. ऑक्टाव्हियातल्या के०३ घराण्यातल्या टर्बोवर ही सुरुवात साधारण ०.३ ते ०.४ बारला होते. त्याहून जास्त बूस्ट हवा असेल तर डबीकडे जाणारी थोडी हवा मध्येच वळवून टर्बोच्या तोंडाशी परत सोडावी लागते. हे काम एन७५ नावाचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह ईसीयूच्या हुकमाने करतो.

या रचनेतली एक गोष्ट लक्षात ठेवा. एन७५ ची वीज गेली तर सगळी हवा डबीकडे जाते, झडप लवकर उघडते, बूस्ट कमी होतो. गाडी मरगळते, इंजिन वाचतं. पण डबीकडे जाणारी नळी फुटली किंवा निसटली, तर झडप उघडायला दाबच मिळत नाही आणि बूस्ट चढत राहतो. दहा-वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेली ती करंगळीएवढी नळी आणि तिच्या दोन क्लिपा आधी बदला. बूस्टचा विचार त्यानंतर.

दाबलेली हवा तापते, आणि तिथूनच सगळा त्रास

सायकलचा पंप मारताना बुडाशी गरम होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. टर्बोत तेच घडतं, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. बाहेर ३५ अंश असताना ७० टक्के कार्यक्षमतेचा टर्बो ०.५ बार बूस्ट देत असेल, तर त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे ९० अंशांची असते. १ बारला ती १३० च्या पुढे जाते. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला दमतो आणि त्याची कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरते. मग तोच १ बार १४५ च्याही वर पोचतो. मधला इंटरकूलर ही हवा गार करतो, पण या गाडीचा इंटरकूलर लहान आहे आणि पुढच्या मडगार्डच्या कोपऱ्यात दडलेला आहे. एकदा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून गाडी पळवली की तो स्वतःच तापतो आणि दुसऱ्या खेपेला तेवढी साथ देत नाही.

तापलेल्या, दाट मिश्रणाने नॉकिंग होतं. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असतानाच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, त्याला नॉकिंग म्हणायचं. दाबाचा तो तडाखा पिस्टनच्या माथ्यावर बसतो. रिंगांमधला पिस्टनचा भाग तुटणं, हेड गॅस्केट जाणं, प्लगचं टोक वितळणं हे सगळे त्याचेच परिणाम. मोठा आवाज येण्याची वाट बघू नका. जास्त बूस्टला काही क्षणांचं जोरदार नॉकिंगही पिस्टन घालवू शकतं, आणि सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकूही येत नाही.

हात लावण्याआधी गाडीची तपासणी

बूस्ट वाढवल्यावर बिघडलेल्या बऱ्याच गाड्या आधीच आजारी असतात. वाढीव बूस्टमुळे तो आजार फक्त उघडा पडतो.

पहिली तपासणी गळतीची. एअर मास सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा ग्रॅममध्ये मोजणारा सेन्सर, काढून ठेवा. टर्बोकडे जाणाऱ्या रबरी पाईपच्या तोंडाला घट्ट बूच बसवा आणि त्यातून कॉम्प्रेसरची हवा ०.५ ते ०.७ बारने सोडा. इंजिन बंद आणि थंड हवं. मग साबणाचं पाणी शिंपडत फिरा. फेस येईल तिथे गळती. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डखालचे ब्रीदर पाईप चिरलेले सापडतात, इंटरकूलरच्या जोडांच्या क्लिपा सैल असतात, आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला असतो. डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर कोंडलेली हवा मागे फिरवणारी झडप. ती काढून दट्ट्या आत दाबा, वरच्या नळीचं तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या सोडा. तो आतच राहिला पाहिजे. हळूहळू बाहेर आला तर पडदा गेला.

गळकी गाडी चालत राहते हीच खरी अडचण. मागितलेला बूस्ट मिळावा म्हणून ईसीयू टर्बोला आणखी पळवत राहतो. मीटरवर आकडा बरोबर दिसतो आणि टर्बो मर्यादेबाहेर फिरत असतो.

दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो त्याची. चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर इथेच थांबा आणि आधी इंजिनाचं काम करून घ्या.

प्लगमध्येही काम आहे. कंपनीचा प्लग एनजीकेचा पीएफआर६क्यू. बूस्ट वाढवायचा तर एक पायरी थंड असलेला बीकेआर७ई घालतात. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. फट ०.७ मिलिमीटर ठेवा, कारण दाट हवेत रुंद फटीतून ठिणगी विझते. आवळताना ३० न्यूटनमीटर, इंजिन थंड असताना. नॉक सेन्सरचा बोल्ट २० न्यूटनमीटरला टॉर्क पान्यानेच आवळा. तो जास्त-कमी आवळला गेला तर सेन्सरला नॉकिंगचा ठोका नीट ऐकू येत नाही आणि पुढचा सगळा बचाव त्याच्याच भरवशावर आहे.

शेवटी टर्बोवरच्या पट्टीवरचा आणि इंजेक्टरवरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागावरचा, क्रमांक वाचून लिहून ठेवा. १५० आणि १८० पीएसच्या गाड्यांत हे भाग सारखेच असतील असं गृहीत धरू नका. १८० चं सेटिंग लहान इंजेक्टरच्या गाडीत टाकलं, तर वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडतं.

स्क्रू पिळून बूस्ट वाढवला तर?

गॅरेजमध्ये सर्रास दोन उपाय सुचवले जातात. एक, ॲक्चुएटरच्या दांड्याचा नट पिळून झडप ताणून ठेवायची. दुसरा, एन७५ ला बगल देऊन नळीत गोळी-स्प्रिंगचा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर घालायचा. एन७५ नसलेल्या जुन्या टर्बो गाड्यांमध्ये ही रीत चालून जायची. या गाडीत नको. इथला बॉशचा एमई७ ईसीयू टॉर्कवर विचार करतो: पायाने किती टॉर्क मागितला, त्याला किती हवा लागेल, म्हणून किती बूस्ट हवा. स्क्रूने आलेला जादा बूस्ट त्याच्या हिशेबात नसतो. आधी तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, थोडा मिटतो. तरी दाब चढला तर पी१५५५ हा कोड टाकतो, म्हणजे बूस्टची वरची मर्यादा ओलांडली, आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे पॉवर कापून जेमतेम चालते. शिवाय मघाची नळी निसटण्याची भीती आहेच, कारण कंट्रोलरमुळे त्या नळीला आणखी दोन जोड येतात.

मॅप सेन्सरचा, म्हणजे बूस्टचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, खोटा आकडा ईसीयूला दाखवणारा ‘प्लग लावा, पॉवर वाढवा’ छापाचा बॉक्स हा याच फसवणुकीचा विजेवर चालणारा प्रकार. दाब खरोखर किती आहे हेच ईसीयूपासून लपवलं, तर तो पेट्रोल आणि ठिणगी कशावरून ठरवणार?

दांड्याच्या नटाचा उपयोग एकच: मूळ ताण बरोबर आहे का ते बघणं. एन७५ चा विजेचा प्लग काढा आणि गाडी चालवून बघा. आता बूस्ट फक्त स्प्रिंगवर येतो. बाकी सगळं नीट असूनही तो ०.३ च्या खाली राहिला, तर लॉकनट सैल करून अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर नटाला हात लावू नका. बूस्ट ईसीयूच्या फाइलमध्येच वाढवायचा.

पायरी पायरीने वाढवण्याची पद्धत

चाचणी डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, किंवा ट्रॅकवर करा, एक्सप्रेसवेवर नाही. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला व्हीसीडीएस, म्हणजे फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्यांचे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर, जोडा. इंजिन पूर्ण तापलेलं, टाकीत निम्म्याहून जास्त पेट्रोल, गिअर तिसरा. २००० आरपीएमपासून ६५०० पर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर, एकाच दमात. आधी मूळ सेटिंगवर असे लॉग, म्हणजे आकड्यांच्या नोंदी, घ्या आणि जपून ठेवा. आपण किती पुढे आलो ते याच लॉगवरून कळणार आहे.

बघायचे ब्लॉक, म्हणजे व्हीसीडीएसमधले आकड्यांचे क्रमांकित गट, मोजकेच. ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला दाब मिलिबारमध्ये दिसतो. ०२० मध्ये प्रत्येक सिलिंडरची ठिणगी नॉकिंगमुळे किती अंश मागे ओढली गेली, म्हणजे किती उशिरा पडली, ते दिसतं. ११८ मध्ये हवेचं तापमान आणि एन७५ किती टक्के काम करतोय ते. ००३ मध्ये हवा, ग्रॅम प्रति सेकंदात. एका वेळी एक किंवा दोनच ब्लॉक घ्या. तीन घेतले की नोंदी विरळ होतात आणि नेमका उसळलेला क्षण हातातून निसटतो.

ट्यूनरकडून, म्हणजे ईसीयूची फाइल बदलून देणाऱ्याकडून, मागणी एका वेळी ०.०५ बारनेच वाढवून घ्या. ‘१ बार करून द्या’ असं सांगू नका, कारण नुसत्या सर्वोच्च आकड्याला अर्थ नसतो. ३०००-३५०० आरपीएमला किती आणि ६००० ला किती, हे दोन्ही ठरवायला हवं. के०३ सारख्या लहान टर्बोवर सुरुवातीला ०.८ ते ०.९ बार आणि ६००० पर्यंत ०.६ वर उतरणारा उतार हे माझ्या मते रोजच्या गाडीसाठी शहाणपणाचं सेटिंग आहे. खालच्या आरपीएमला एकदम उसळणारा टॉर्क ऐकायला छान वाटतो, पण कनेक्टिंग रॉड वाकतात ते त्याच टॉर्कने. पीएसच्या आकड्याने नाही. क्लचही तिथेच घसरायला लागतो.

प्रत्येक पायरीनंतर लॉग वाचायचा तो असा. मिळालेला दाब मागणीपेक्षा क्षणभर १०० मिलिबारहून जास्त उसळत असेल, तर आधी एन७५ चं नियंत्रण सुधारून घ्या, पुढची पायरी नको. ०२० मध्ये शून्य ते तीन अंश दिसणं चालतं. सहा अंश दिसले आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा दिसले, तर एक पायरी खाली या. चारांपैकी एकच सिलिंडर सारखा मागे पडत असेल, तर बूस्टला दोष देण्याआधी त्याचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर बघा. आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर गेली की त्या दिवसाची चाचणी थांबवा.

सगळ्यात बोलका आकडा ००३ मधल्या ग्रॅमचा असतो. ढोबळ हिशेब असा, की पीएसला ०.८ ने गुणलं की लागणारी हवा मिळते: १५० ला १२० ग्रॅम, १८० ला १४४. समजा ६००० आरपीएमला मागणी वाढवली, दाबही वाढला, पण ग्रॅम जिथल्या तिथे राहिले आणि एन७५ ९५ टक्क्यांवर टेकला. म्हणजे टर्बोचा दम संपला. जी वाढ दिसते ती गरम हवेची, कामाच्या हवेची नाही. मग त्या आरपीएमला बूस्ट उलट कमी करा. बऱ्याचदा ठिणगी पुढे घेता येते आणि पॉवर वाढते.

हवा-पेट्रोलच्या प्रमाणासाठी वाइडबँड मीटर लावा. ते लॅम्डा दाखवतं: १ म्हणजे बरोबर, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.८५ हवं. ०.९० च्या वर गेलं की पाय तत्काळ उचला. पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर आणि इंजेक्टर तपासल्याशिवाय पुन्हा खेचू नका.

‘ई२० चा ऑक्टेन जास्त आहे ना?’

आहे. ई२० च्या आधी साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आपल्याकडे ९१ होता. ई२० चा ९५ पर्यंत जातो असं सरकारचं म्हणणं आहे. इथेनॉल बाष्प होताना हवा गारही करतं. नॉकिंगच्या बाजूने हा फायदा खरा आहे.

पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला ते जास्त ओतावं लागतं. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा, ई२० ला साधारण साडेतेरा. जुन्या पेट्रोलवर बसवलेल्या गाडीला आठ टक्क्यांच्या आसपास जादा इंधन लागतं, तेही बूस्ट वाढवण्याआधीच. ब्लॉक ०३२ मध्ये ईसीयूची ही भरपाई दिसते. तिथे सहा-आठ टक्के अधिक दिसले तर ते ई२० मुळे असू शकतं. पंधरा दिसले तर गळती किंवा कमजोर पंप शोधा. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहायला लागले की पुढे वाढीला जागा नाही. आणि २००४ च्या गाडीतले रबरी इंधन पाईप इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, ते बदललेलेच बरे.

९५ किंवा १०० ऑक्टेनच्या महाग पेट्रोलवर सेटिंग बसवलं, तर कायम तेच भरावं लागेल. कोकणातल्या एखाद्या पंपावर ते मिळालं नाही, तर साधं भरून बूस्टमध्ये न जाता गाडी हळू चालवायची, किंवा मूळ फाइल परत टाकायची.

‘नॉक सेन्सर आहे, मग भीती कशाची?’

नॉक सेन्सर ठोका बसल्यावर ऐकतो, आधी नाही. आणि ठिणगी मागे ओढली की ज्वलन लांबतं, धूर जास्त गरम होऊन बाहेर पडतो आणि टर्बोचं चाक भाजून निघतं. सेन्सर अधूनमधून सावरतोय तोवर ठीक. त्याला प्रत्येक खेपेला धावून यावं लागत असेल, तर सेटिंग चुकलं आहे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. न सांगता केलेल्या बदलावरून विमा कंपनी दावा अडवू शकते. ट्रॅकसाठी गाडी बनवत असाल तर ती ट्रॅकवरच चालवा.

नंतरची निगा

बूस्ट वाढवलेल्या गाडीला व्हीडब्ल्यू ५०२.०० मानकाचं ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल घाला आणि ते कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदला. जोरात पळवल्यानंतरचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, म्हणजे टर्बोतलं ऑइल जळून चिकटणार नाही. थंडीत बसवलेलं सेटिंग एप्रिल-मेच्या उन्हात एकदा पुन्हा लॉग करा, कारण डिसेंबरच्या पहाटे ठिणगी दोन अंश मागे ओढणारं नॉकिंग मेमध्ये दुपारी सहा अंशांवर जाऊ शकतं. घाटमाथ्यावर नेहमीचं जाणं असेल, तर तिथला लॉग वेगळा घ्या आणि एकूण दाबाची मागणी ५० ते १०० मिलिबारने कमी असलेली दुसरी फाइल ट्यूनरकडून करून ठेवा.